वांशिक सलोखा आणि सेवा : पुण्यातील ख्रिस्त सेवा संघाचा इतिहास (१९२२–१९३४)

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पुणे शहराचे स्थान संस्थांचे शहर म्हणून सर्वमान्य आहे. सत्यशोधक समाज (१८७३), भारत सेवक समाज (१९०५), सेवासदन (१९०९) या संस्थांचा इतिहास अभ्यासकांनी सविस्तर लिहिला आहे. याच शहरात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका छोट्या संस्थेने भारतीय व इंग्रज यांनी एका छपराखाली, एका पंक्तीत आणि समान नियमांखाली राहण्याचा प्रयोग केला. त्या संस्थेकडे मात्र मराठी इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. ती संस्था म्हणजे ख्रिस्त सेवा संघ. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हे त्या प्रयोगाचे पुढील काळातील रूप होय.

संघाची नोंद आजवर प्रामुख्याने दोन संदर्भांत होत आली. चर्चच्या इतिहासात त्याला भारतीय ख्रिस्ती आश्रम चळवळीतील एक टप्पा मानले जाते, तर मानववंशशास्त्राच्या इतिहासात व्हेरिअर एल्विन यांच्या चरित्रातील पहिले प्रकरण म्हणून त्याचा उल्लेख येतो. पुण्याच्या सामाजिक इतिहासाचा भाग म्हणून संघाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वांशिक सलोख्याचे ध्येय संघाने कोणत्या परिस्थितीत स्वीकारले, ते दैनंदिन जीवनात कसे उतरविले आणि त्या ध्येयाच्या मर्यादा कोठे स्पष्ट झाल्या, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे. परकी सत्तेच्या काळात राज्यकर्त्या व अंकित समाजांतील व्यक्तींची खरी मैत्री शक्य आहे काय, हा व्यापक प्रश्न या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी : विभागलेले शहर

१८१८ नंतर पुण्याची वाढ दोन स्वतंत्र केंद्रांभोवती झाली. एकीकडे पेठांचे जुने शहर होते. दुसरीकडे लष्कर आणि खडकी येथील छावण्या होत्या. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान हे सत्तेचे दृश्य प्रतीक होते. पावसाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार पुण्यात येई आणि त्याबरोबर अधिकाऱ्यांचे क्लब, शर्यती व मेजवान्या यांचे जगही येई. या दोन वस्त्यांतील माणसांचा संबंध कचेरी, न्यायालय, महाविद्यालय आणि घरकाम यांपुरता मर्यादित असे. घरोबा अपवादानेच आढळे.

ही दरी एकाच बाजूने निर्माण झाली नव्हती. गोऱ्यांच्या क्लबाचे दार भारतीयांना बंद होते, तसे पेठांतील स्वयंपाकघराचे दारही परधर्मीयांना आणि खालच्या मानलेल्या जातींना बंद होते. १८९० च्या ऑक्टोबरमधील पंचहौद मिशनचे चहाप्रकरण या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. मिशनमधील एका कार्यक्रमानंतर न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये प्रसिद्ध केली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दोन वर्षे चालला. एका पेल्याभर चहाने एवढी खळबळ उडावी, यावरून त्या काळी अन्नव्यवहार हा सामाजिक सीमांचा केवढा पहारेकरी होता हे ध्यानी येते. तीन-साडेतीन दशकांनंतर याच शहरात इंग्रज पदवीधर आणि मराठी ख्रिस्ती तरुण जमिनीवर मांडी घालून एका पंक्तीत जेवू लागले, त्या घटनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर मोजले पाहिजे.

मिशन संस्थाही या विभागणीपासून मुक्त नव्हत्या. युरोपीय मिशनरी बंगल्यात राहत, भारतीय धर्मगुरू व शिक्षक त्यांच्या हाताखाली काम करीत. वेतन, निवास आणि निर्णयाधिकार या तिन्ही बाबतींत अंतर होते. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी या अंतरावर नेमके बोट ठेवले. मिशनऱ्यांनी त्याग केला, दानही दिले, पण भारतीयांना हवी आहे ती मैत्री, अशा आशयाचे त्यांचे भाषण परिषदेतील अनेकांना झोंबले आणि पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. उपकारकर्ता आणि उपकृत हे नाते मैत्रीचे नाते होऊ शकत नाही, हे त्यातील सूत्र होते.

मराठी प्रेरणा : टिळकांचा 'देवाचा दरबार'

ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक जॉन कॉपली विन्स्लो हे 'जॅक विन्स्लो' या नावाने अधिक परिचित आहेत. त्यांचा जन्म १८८२ चा. ईटन आणि ऑक्सफर्डचे बेलिओल महाविद्यालय येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि १९१४ मध्ये अँग्लिकन मिशनच्या कार्यासाठी ते भारतात आले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र झाले.

अहमदनगर हे त्या काळी मराठी ख्रिस्ती समाजाचे सर्वांत जिवंत केंद्र होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे तेथील वास्तव्य आणि त्यांचे अभंगसदृश काव्य यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी वळण दिले होते. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन सातारा येथे 'देवाचा दरबार' या कल्पनेच्या उभारणीस आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे बंधुमंडळ निर्माण करावे, ही त्यामागील धारणा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले व ती कल्पना अपुरी राहिली. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी, १९२० मध्ये, भारतीय चर्चसाठी स्वतंत्र उपासनाविधी असावा असे प्रतिपादन करणाऱ्या इंग्रजी ग्रंथाच्या सिद्धतेत त्यांचा पुढाकार होता. संघाच्या जडणघडणीत टिळकांचा वाटा किती होता, हे या दोन ग्रंथांच्या सान्निध्यावरून स्पष्ट होते. ख्रिस्ती आश्रमाची कल्पना परदेशी मिशनऱ्यांच्या डोक्यातून निघाली असे सर्रास मानले जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिचे एक महत्त्वाचे मूळ मराठी कवीच्या वैराग्यात आहे.

दुसरी प्रेरणा राजकीय होती. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथे झालेल्या हत्याकांडाने आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये जनरल डायर यांच्या बाजूने व्यक्त झालेल्या सहानुभूतीने अनेक संवेदनशील इंग्रजांची सदसद्विवेकबुद्धी ढवळून निघाली. सी. एफ. अँड्र्यूज यांचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. आपली जीवनपद्धती राज्यकर्त्यांची आहे आणि ती तशी आहे तोवर आपला उपदेश पोकळ ठरतो, या निष्कर्षाला विन्स्लो आले. त्यांनी बंगल्यातील राहणी सोडण्याचे ठरविले.

स्थापना आणि नियम

जून १९२२ मध्ये विन्स्लो यांनी मोजक्या भारतीय सहकाऱ्यांसह अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. मुंबईचे तत्कालीन बिशप एडविन जेम्स पामर यांचा या प्रयोगास पाठिंबा होता. आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, तमिळनाडूतील तिरुपत्तूर येथे एस. जेसुदासन हे भारतीय आणि अर्नेस्ट फॉरेस्टर-पेटन हे स्कॉटिश अशा दोन डॉक्टरांनी ख्रिस्तकुल आश्रम स्थापिला होता. दोन्ही संस्थांत भिन्न वंशांच्या व्यक्तींचे सहजीवन हा केंद्रीय विचार होता, ही समकालीनता लक्षणीय आहे.

संघाच्या नावातील तिन्ही शब्द अर्थपूर्ण होते. 'ख्रिस्त' हा श्रद्धेचा, 'सेवा' हा कृतीचा आणि 'संघ' हा नात्याचा निर्देश होता. प्रमुखास 'आचार्य' म्हणत. सदस्यांत ब्रह्मचर्य पाळणारे तसेच गृहस्थ, दीक्षित धर्मगुरू तसेच सामान्य उपासक, भारतीय तसेच ब्रिटिश अशा सर्वांना स्थान होते. प्रार्थना, अभ्यास आणि सेवाकार्य ही जीवनाची तीन साधने, तर नम्रता, प्रेम आणि आनंद ही वृत्तीची तीन लक्षणे मानली होती. आदर्श म्हणून असिसीचे संत फ्रान्सिस आणि भारतीय संन्यासी या दोघांकडे एकाच वेळी पाहिले जाई.

राहणीचे नियम साधे पण परिणामकारक होते. पोशाख हातमागाच्या खादीचा, भोजन शाकाहारी आणि देशी पद्धतीचे, बसणे जमिनीवर, खाणे हाताने. इंग्रज सदस्याने भारतीय राहणी स्वीकारावी, असे या सहजीवनाचे सूत्र होते. भारतीयाने इंग्रजी रीतिरिवाज शिकावेत अशी प्रचलित अपेक्षा येथे उलटी फिरविली होती. वांशिक समतेच्या इतिहासात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. समतेची भाषा करणाऱ्या बहुतेक वसाहतकालीन संस्थांत तळच्याने वर चढावे असे गृहीत असे. येथे वरच्याने खाली उतरण्याचा आग्रह होता.

अहमदनगरहून पुण्यास

पहिली पाच वर्षे संघ ग्रामीण भागात कार्यरत होता. १९२७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या नव्या सदस्यांमुळे संघाचे स्वरूप पालटले. त्यांत विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीतून आलेले अल्जी रॉबर्टसन आणि ऑक्सफर्डच्या विक्लिफ हॉलमध्ये उपप्राचार्य राहिलेले व्हेरिअर एल्विन हे प्रमुख होते. एल्विन यांचा जन्म १९०२ चा. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ब्रिटिश साम्राज्याने भारतावर केलेल्या अन्यायाचे काही अंशी परिमार्जन आपल्या सेवेने व्हावे, या भावनेने आपण भारतात आलो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

१९२८ मध्ये पुण्यात, त्या काळच्या भांबुर्डे म्हणजे आजच्या शिवाजीनगर परिसरात, संघाचा आश्रम उभा राहिला. स्थळाची निवड अर्थपूर्ण ठरली. मुठेच्या एका बाजूस पेठा, दुसऱ्या बाजूस गणेशखिंड. आणि जवळपास अभियांत्रिकी, कृषी व फर्ग्युसन ही महाविद्यालये. शासनाच्या व समाजाच्या दोन जगांमधील ही भूमी होती. ग्रामीण भटकंतीच्या जोडीला आता सुशिक्षित तरुणांशी संवाद, ग्रंथाध्ययन आणि अन्यधर्मीयांशी विचारविनिमय यांना संघाच्या कार्यात स्थान मिळाले.

जानेवारी १९२८ मध्ये साबरमती आश्रमात विविध धर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय मैत्रीसंघाची परिषद भरली. एल्विन तीस उपस्थित होते. सर्व धर्म सत्य आहेत, सर्वांत काही ना काही उणीव आहे आणि म्हणून दुसऱ्याने आपला धर्म स्वीकारावा अशी गुप्त इच्छासुद्धा मैत्रीत असू नये, अशी भूमिका गांधीजींनी तेथे मांडली. धर्मप्रसार हे ज्यांचे अंगीकृत कार्य, त्यांच्यापुढे या भूमिकेने मूलभूत आव्हान उभे केले. एल्विन यांच्या आयुष्याला येथून नवे वळण लागले आणि पुण्याच्या आश्रमाचा साबरमतीशी संबंध दृढ झाला.

सलोखा आणि सत्तेचा प्रश्न

पुण्यात वंशभेद ओलांडणारी सेवा यापूर्वी घडली नव्हती असे नाही. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवडा तुरुंगातील बंदी गांधीजींवर ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण करण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले आणि डॉक्टरांवरील विश्वास व्यक्त करणारे निवेदन त्यांच्या साक्षीने तयार झाले. वैयक्तिक सौजन्याचे हे उत्तम उदाहरण होय. पण शस्त्रक्रिया करणारा सरकारी अधिकारी होता आणि रुग्ण सरकारचा कैदी होता. सौजन्याने हे नाते बदलले नाही. व्यक्तींमधील सद्भाव आणि समाजांमधील सत्तासंबंध या दोन वेगळ्या पातळ्या आहेत, हे या प्रसंगातून दिसते. संघापुढील पेच नेमका हाच होता.

१९३० च्या सविनय कायदेभंगाने तो पेच टाळता येईनासा झाला. एल्विन यांनी त्याच वर्षी 'ख्राइस्ट अँड सत्याग्रह' ही पुस्तिका प्रसिद्ध करून सत्याग्रह ख्रिस्ती तत्त्वांशी सुसंगत असल्याचे प्रतिपादन केले. १९३१ मध्ये विन्स्लो व एल्विन यांनी मिळून 'द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम' हा ग्रंथ लिहिला. यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांची प्रस्तावना लाभल्याने त्याला प्रतिष्ठा प्राप्त झाली. इंग्रज धर्मगुरूंनी भारतीय स्वातंत्र्याची बाजू इंग्लंडमधील वाचकांपुढे उघडपणे मांडावी, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

याची किंमतही मोजावी लागली. सरकारी यंत्रणेने एल्विन यांच्यावर पाळत ठेवली, त्यांचा पत्रव्यवहार तपासला जाऊ लागला. चर्चमधील अनेकांना राजकारणातील हा सहभाग अनुचित वाटे. संघाच्या आतही मतभिन्नता होती. विन्स्लो यांची सहानुभूती निःसंशय भारतीय आकांक्षांना होती, पण संघाचे मुख्य कार्य आध्यात्मिक राहावे असा त्यांचा कल होता. एल्विन यांना या दोहोंची फारकत मान्य नव्हती. सलोखा म्हणजे संघर्षात मध्यस्थाची भूमिका घेणे की अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूस उभे राहणे, हा मतभेदाचा गाभा होता. दोन्ही बाजूंच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, म्हणूनच तो मतभेद मिटण्याजोगा नव्हता.

१९३१ च्या अखेरीस एल्विन संघातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर संघातील मराठी सहकारी शामराव हिवाळे हेही निघाले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली तेव्हा हे दोघे तेथेच होते. त्यानंतर त्यांनी मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंड समाजात कार्य सुरू केले. गोंडांमध्ये जाण्याचा सल्ला जमनालाल बजाज यांचा होता. पुण्यात घडलेली ही मैत्री पुढे अनेक वर्षे टिकली. हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधान समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी एल्विन यांचे चरित्रही प्रसिद्ध केले. एल्विन यांनी १९५४ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले, १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. संघाच्या वांशिक सहजीवनाचे सर्वांत टिकाऊ फळ संघ सोडून गेलेल्या या दोन सदस्यांच्या जीवनात दिसावे, हा या इतिहासातील विरोधाभास आहे.

विभाजन आणि उत्तरकाळ

रॉबर्टसन १९३० मध्ये प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला परतले होते. १९३४ मध्ये विन्स्लो यांनीही भारत सोडला. त्याच वर्षी संघाचे विभाजन झाले. ब्रह्मचारी व गृहस्थ, कठोर व्रते व शिथिल सहवास अशा भिन्न अपेक्षा एका नियमावलीत सामावणे कठीण झाले होते. फ्रान्सिस्कन व्रतस्थ जीवन स्वीकारणाऱ्यांनी 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' हे नाव धारण करून पुण्यातील आश्रम पुढे चालविला. त्यांचे आचार्य विल्यम लॅश हे १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर होते.

दरम्यान इंग्लंडमध्ये रॉबर्टसन यांनी संघाच्या धर्तीवर बंधुमंडळ उभारले. १९३० च्या दशकातच ते तेथील अन्य फ्रान्सिस्कन मंडळाशी एकरूप होऊन 'सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस' ही संस्था आकारास आली. तिच्या तत्त्वसंहितेचा पाया ख्रिस्त सेवा संघाच्या नियमांत आहे. प्रार्थना, अभ्यास व सेवाकार्य ही त्रयी आणि नम्रता, प्रेम व आनंद ही लक्षणे तेथे आजही वाचली जातात. वसाहतकाळात विचारांचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहत होता, ही समजूत तपासून पाहण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे. महाराष्ट्रात घडलेली एक जीवनसंहिता इंग्लंडमार्गे जगातील अनेक देशांत पोचली.

पुण्यातील पुरुषांचा संघ कालांतराने क्षीण झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याच वास्तूत नवा प्रयोग सुरू झाला. पारशी घराण्यात जन्मलेल्या वंदना माताजी आणि ब्रिटिश भगिनी सारा ग्रँट यांच्या पुढाकाराने रोमन कॅथलिक व अँग्लिकन अशा दोन पंथांच्या भगिनींनी एकत्र राहण्यास प्रारंभ केला. ग्रँट यांचा शांकर वेदान्ताचा व्यासंग मोठा होता. वांशिक सलोख्याच्या जागी आता पंथांचा व धर्मांचा संवाद हे मुख्य ध्येय झाले. स्वतंत्र भारतात प्रश्न बदलला, पण एका छपराखाली राहून उत्तर शोधण्याची रीत तीच राहिली.

मूल्यमापन

संघाच्या कार्याचे मूल्यमापन करताना तीन मुद्द्यांचा विचार आवश्यक वाटतो.

पहिला मुद्दा पंक्तीचा. निवास, पोशाख आणि अन्न या बाबतींत संघाने वंशभेद प्रत्यक्षात दूर केला. चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य झालेल्या शहरात हे लहान कार्य नव्हते. सलोख्याची व्याख्याने देणाऱ्या संस्था अनेक होत्या. सलोखा दिवसातून दोन वेळा पानावर बसून आचरणारी संस्था विरळा.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. १९२२ पासून १९३४ पर्यंत संघाचे आचार्यपद संस्थापकांकडेच होते; त्यांच्या अनुपस्थितीत एल्विन यांनी ते सांभाळले आणि पुढील संघाचे नेतृत्व लॅश यांच्याकडे गेले. तिघेही इंग्रज, तिघेही उच्चशिक्षित. इंग्रज सदस्याने बंगला सोडला, बूट सोडले, काटे-चमचे सोडले. निर्णयाचा अधिकार मात्र त्याच्या हातून सहजासहजी सुटला नाही. यात कोणाचा लोभ होता असे म्हणता येणार नाही. संघाला मान्यता आणि साहाय्य देणाऱ्या चर्चची घडणच तशी होती. तरीही त्याग करण्याचे स्वातंत्र्य ज्याच्याकडे मुळात काही आहे त्यालाच असते, हे सत्य येथे स्पष्ट होते. बंगला सोडणारा विन्स्लो संन्यासी ठरतो. ज्याला बंगला कधी लाभलाच नाही त्या सहकाऱ्याचे जमिनीवर बसणे कोणाच्या नजरेत भरत नाही.

तिसरा मुद्दा जातीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग या अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेला होता. संघाने 'भारतीय' म्हणून जे स्वीकारले ते आश्रम, आचार्यपद, शाकाहार, संन्यास हे सारे उच्चवर्णीय धर्मपरंपरेशी निगडित होते. ज्या समाजाला ती परंपरा शतकानुशतके दूर ठेवीत आली, त्या समाजातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला हे भारतीयपण आपले का वाटावे? संघ पुण्यात आला तो काळ महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरचा (१९२७) आणि पर्वती मंदिर सत्याग्रहापूर्वीचा (१९२९) आहे. वंशभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या संस्थेच्या परिसरातच जातिभेदाविरुद्धचा लढा पेटलेला होता. महात्मा फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबात भिन्न धर्म पाळणारी माणसे प्रेमाने नांदण्याचे चित्र रेखाटले आहे. ते चित्र वर्णवर्चस्वाच्या नकारावर उभे आहे. संघाचे सहजीवन या परंपरेशी जोडले गेले असते तर त्याला पुण्याच्या मातीत अधिक खोल मूळ धरता आले असते. ते प्राधान्याने आश्रमपरंपरेशी जोडले गेले, आणि म्हणून सुशिक्षितांच्या आदराचा विषय होऊनही व्यापक समाजाच्या जीवनात त्याला मर्यादित स्थान मिळाले.

समारोप

ख्रिस्त सेवा संघाचे मूळ रूप केवळ बारा वर्षे टिकले आणि त्याची सदस्यसंख्याही लहान होती. संख्येच्या निकषावर हा प्रयोग नगण्य ठरेल. परंतु परकी सत्तेच्या काळात मैत्री शक्य आहे काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर या बारा वर्षांत सापडते. मैत्री शक्य आहे. एल्विन आणि हिवाळे यांचे नाते त्याची साक्ष देते. मात्र ती एका पंक्तीत बसण्याने सुरू होते, तेथे पूर्ण होत नाही. पंक्तीनंतर प्रश्न येतो तो निर्णय कोणी करायचा याचा, आणि त्यानंतर पंक्तीबाहेर कोण राहिले याचा.

सलोखा व सेवा ही ध्येये मिरविणाऱ्या संस्था पुण्यात आजही कमी नाहीत. सण एकत्र साजरे होतात, परस्परांना फराळ दिला जातो, व्यासपीठावर सर्व धर्मांचे प्रतिनिधी शेजारी बसतात. या उपक्रमांचे मोल आहेच. त्यांनी आपल्या कार्यकारिणीची यादी, आपल्या वस्तीतील घरभाड्याचे अलिखित नियम आणि आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा यांकडेही याच निकषाने पाहिले, तर शिवाजीनगरच्या या जुन्या प्रयोगाचा अभ्यास सार्थकी लागेल. संघाने पहिली पायरी चढून दाखविली. उरलेल्या दोन पायऱ्या त्याच्या नंतरच्यांकडे आल्या, आणि त्या अद्याप चढावयाच्या आहेत.